मिशीत लपवलेलं गाव

शुक्रवार, संध्याकाळ. शहापूर.

आज दुकानात सुंदरी आली, डोळखांबकडच्या एका पाड्यावरची. तिच्या नवऱ्याचं, काशिनाथचं, मी धसईच्या बाजारात व्यंगचित्र काढलं होतं. प्रत्येकाच्या चित्रात मी त्याचं गाव कुठेतरी बारीक अक्षरांत लपवतो. नुसता खेळ. काशिनाथचं, फुगवून काढलेल्या नाकाखालच्या मिशीत लपवलं होतं.

वीटभट्टीच्या कामाला निघालेला काशिनाथ परमुलखात रस्त्यातच छातीत कळ येऊन गेला. खिशात आधार नाही, फोन नाही, फक्त माझं चित्र. हवालदाराने मिशीतलं गाव वाचलं, म्हणून घरच्यांना निरोप गेला. नाहीतर बेवारस म्हणून जाळलं असतं. याचं समाधान मानायचं का मी? जमत नाही.

तेच चित्र माझ्यापुढे ठेवून सुंदरी म्हणाली, "दादा, आधारच्या फोटोत ते हसत नाय. यात हसतात. भिंतीला लावायला तेवढं नाक बारीक करून द्या ना."

तीनदा काढलं. नाक नीट केलं की हसू जायचं. शेवटी म्हणालो, "ताई, नाही जमत."

तिने जुनंच चित्र उचललं, पदराने पुसलं. "ऱ्हाऊ द्या. पोरं असंच वळखतील."