न दिसणारी धग

प्रिय पप्पा,

फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ विचारता आणि मी व्हय म्हटलं की ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय. हसू नका. वसतिगृहात दुपारच्या सगळ्या झोपल्यात, कॉटवर ऊन आलंय आणि मला खव्याचा वास येतोय. धाराशिवात कुठली आलीय आपली भट्टी! पण डोळे मिटले की मी गावी, ईटलाच असते. तुम्ही कढईत उलथणं फिरवताय, दूध आटत आटत घट्ट होतंय आणि कडेची खरवड माझ्यासाठी बाजूला निघतेय. आईनं हात आखडला की तुम्ही म्हणायचात, ‘खाऊ दी की गं, खात्यापित्या घरची लेक हाय, दिसाया नको व्हय?’ मला लई बरं वाटायचं ते.

बातमी अशी, की गेल्या महिन्यात कॉलेजात एक डॉक्टरबाई आल्या होत्या. माझ्यासारख्या अंगानं भरलेल्या मुलामुलींचं रक्त त्यांना तपासायचं होतं. जन्मात पहिल्यांदा जाडीमुळं कुणी मला पुढं बोलावलं! रक्तात सीआरपी नावाचं काहीतरी जास्त निघालं. ताप नाही, दुखणं नाही, तरी अंगात आतल्या आत बारीक धग चालू आहे, असं त्या म्हणाल्या. घाबरायचं नाही, वजन उतरलं की तीही उतरते. पण वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काळजाला जपावं लागतं. म्हणून मी आणि खोलीतली आरोही पहाटे तुळजापूर रस्त्यानं चालायला जातो. मी अर्धी झोपेतच असते. धुक्यात पुढं कुणीतरी जड पावलं टाकत चाललंय असं वाटतं, आणि ते तुम्हीच असता.

बाईंनी विचारलं, घरात असं अंग कुणाचं? मी फुशारकीनं सांगितलं, पप्पांचं, आणि पप्पा गेलेत आजोबांवर. आजोबा कसे आहेत, म्हणाल्या. ते नाहीत, मी सांगितलं. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. पंचेचाळिशीत भट्टीसमोर बसले ते उठलेच नाहीत, एवढंच तुम्ही सांगता आणि विषय बदलता.

परवा आई बोलता बोलता म्हणाली, दुधाचं कॅन उचलताना तुम्ही आताशा मधेच खाली बसता, वर ‘उन्हाचं हाय, काय न्हाय झालं’ म्हणून तिलाच दटावता. पप्पा, येत्या श्रावणात तुम्हाला पंचेचाळिसावं लागेल. मला फार भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात.

हेही मी काल बाईंना सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी सोमवारी तुम्हालाच इथं तपासणीला बोलावलंय. भट्टी एक दिवस सोमलिंगकाका सांभाळतील, त्यांना मी सांगितलंय. सकाळची पहिली एसटी धरा. उपाशीपोटी या, चहासुद्धा नको. सुईला तुम्ही किती भिता ते मला ठाऊक आहे. लसीच्या रांगेतून पळालेला माणूस तुम्ही! मी शेजारीच उभी राहीन. टोचताना हाताकडं बघू नका, माझ्याकडं बघा.

तुमचीच,
शिवरंजनी