टिकली निजलीय

महाड,
१९ जुलै २०२५

प्रिय स्नेहलताई,

सप्रेम जय भीम. तू आणि तुझी सगळी चार पायांची मंडळी सुखरूप असाल. नव्या पिल्लांचे फोटो पाहिले. तो काळा अंगठेबहाद्दर वाटतो, शिकायला वेळ घेईल.

इकडे सगळं ठीक आहे. सावित्रीचं पाणी चढलं होतं, पण बाजारपेठेत शिरलं नाही. खालच्या जहांगीरभाईंनी दुकानातला माल माळ्यावर चढवला तो अजून उतरवलेला नाही. ‘ऑगस्ट जाऊ दे, मग बघू’ म्हणतात.

तुझे फोन मी उचलले नाहीत. रेंज नव्हती असं मेसेजमध्ये लिहिलं, तेही खरं नव्हतं. फोनवर मी पुन्हा ‘टिकली मजेत आहे’ म्हणाले असते आणि तू विश्वास ठेवला असतास. म्हणून लिहायला बसले.

टिकली मजेत आहे हे खोटं नाही. भात-मासळी चाटूनपुसून खाते. सुशांतच्या रिक्षात मागच्या सीटवर अशी बसते की तो म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही पुढे या, मालकीणबाईंना अडचण होते.’ मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही कापड्याच्या पुढे, चार वर्षांपूर्वीच्या दरडीनंतर बांधलेल्या नव्या वसाहतीत जातो. तू शिकवून पाठवलेल्या कुत्रीच्या सोबतीनं माणसांना धीर द्यायचा, या तिथल्या कामाबद्दल मी तुला दर महिन्याला लिहून पाठवते: स्पर्शातून दिलासा, बोलकेपणा वाढला, वगैरे. तसं तिथे काही होत नाही, ताई. टिकलीला कुणी फारसं कुरवाळतही नाही. तिथे बायका झोपतात.

हे काशीबाईंनी सुरू केलं. दरडीत त्यांचा मुलगा आणि सून गेले. दरड यायच्या आधी वाडीतली कुत्री बराच वेळ ओरडत होती. काशीबाईंनी घरातूनच शिव्या घातल्या, मुलानं बाहेर जाऊन दगड मारून त्यांना गप्प केलं. तेव्हापासून पावसाळाभर त्यांना रात्री झोप नाही. टिकली पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर आडवी झाली, तेव्हा तिच्याकडे बघत म्हणाल्या, ‘हिला आधी कळंल.’ भिंतीला टेकल्या आणि झोपल्या. मग शेजारच्या गीताबाई चटई घेऊन आल्या, मग आणखी दोघीतिघी. आता दुपारची जेवणं उरकली की ओटा भरतो. गीताबाई घोरतात. काशीबाई म्हणतात, ‘डोंगर खाली आला तरी हिच्या घोरण्यात कळायचं नाय.’ त्यावर गीताबाई डोळे न उघडता, ‘म्हणून तर कुत्री ठेवलीय गो.’

आठवड्यातली तेवढीच त्यांची झोप. मी ओट्याच्या कडेला पुस्तक वाचत बसते.

आता मुद्द्याचं. टिकलीला ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात आधी मला वाटलं, वय झालं, हट्टी झाली. हाक मारली तरी वळायची नाही. रिक्षा दारात आली तरी उठायची नाही. मग एकदा माझ्या हातून तिच्या मागेच स्टीलचं पातेलं पडलं. मी दचकले, ती पंजा चाटत राहिली. इथल्या डॉक्टरांनी मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, किल्ल्या वाजवल्या, मग माझ्याकडे बघून मान हलवली. दोन्ही कान गेलेत, वयानं. मी विचारलं, जमिनीतला हादरा तरी कळेल का? म्हणाले, ‘तुम्ही पाय आपटलात तर कळेल. लांबचं काही सांगू शकत नाही.’

तुझा नियम मला पाठ आहे. ज्या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही, ते कामावर नाही. झोपेत कुणी हात लावला तर दचकून चावू शकतं. मी तुला कळवलं नाही. घरी तिला हाताच्या खुणा शिकवल्या. तळवा खाली म्हणजे बस, छातीवर हात म्हणजे ये. उठवायचं तर समोर जायचं, फरशीवर दोनदा थोपटायचं. तिनं सगळं इतक्या पटकन उचललं की मलाच वाटायला लागलं, काही बिघडलेलं नाही. ‘झोपलेली असताना हात लावू नका’ एवढं बायकांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्यांच्या झोपेचं कारण मी पुढे करत होते. टिकली माझ्याकडून जाईल, ही भीती त्यामागे होती.

या मंगळवारी सगळ्या झोपलेल्या असताना वरच्या वळणावर डंपरनं दगड ओतले. रस्त्याचं काम चालू आहे. आवाज अगदी तसाच, आधी घरघर, मग गडगड. सगळ्या उठून बसल्या. एकीनं चप्पलही पायात सरकवली. काशीबाईंनी हात वर केला आणि टिकलीकडे पाहिलं. ती कुशीवर पडून होती, पोट संथ वरखाली होत होतं.

‘टिकली निजलीय,’ काशीबाई म्हणाल्या. ‘काय नाय. पडा गो.’

आणि सगळ्या पुन्हा आडव्या झाल्या.

ताई, डंपर होता म्हणून निभावलं. पुस्तक माझ्या हातात तसंच राहिलं. परत येताना सुशांतनं काहीतरी विचारलं, त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही.

काल, शुक्रवारी, चटया पसरायच्या आधीच मी सांगितलं. सगळं, कधीपासून तेही. गीताबाई म्हणाल्या, ‘म्हणजे एवढा पाऊस आम्ही कोणाच्या भरवशावर निजलो?’ आणि माझ्याकडे बघत, ‘तुला तरी ऐकू येत होतं ना गो?’ एवढं म्हणून त्यांनी चटई गुंडाळली. बाकीच्याही गेल्या.

काशीबाई गेल्या नाहीत. टिकली नेहमीच्या जागी पसरली होती. तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘मग हिला कोण उठवील?’ मी फरशीवर थोपटून दाखवलं. त्यांनीही थोपटलं. टिकलीनं एक डोळा उघडला, शेपूट हलवली, पुन्हा मिटला. ‘कळतंय हिला,’ म्हणाल्या. मग भिंतीला टेकून, डोंगराकडे तोंड करून दुपारभर जाग्या बसल्या. त्यांची ती झोपही मी घेतली.

निघताना त्या म्हणाल्या, ‘पाळी लावू. एकीनं जागायचं, बाकीच्यांनी पडायचं. गीताला मी आणते समजावून. तिचं तोंड तेवढं वाईट.’ मग माझ्याकडे वळून, ‘मंगळवारी तू बस.’

तेव्हा परवानगी तुझी असो वा नसो, मी जाणार आहे. टिकलीला कामावरून काढलं असं लिहून घे. ते बरोबरच आहे. तिला पुण्याला परत न्यायचं का, हे तू ठरव. मी भांडणार नाही. फक्त मंगळवारनंतर ये, आणि स्वतः ये. तिला समोरून हात दाखव. तुला ती ओळखेल.

मी पुस्तक नेणार नाही. डोंगराकडे तोंड करून बसेन. माझ्या भरवशावर काशीबाई डोळे मिटतात का, एवढंच आता बघायचं आहे.

उद्या फोन कर. उचलेन.

तुझी,
प्रियदर्शिनी