वाढ, आय गं

प्रिय रिजवान,

पत्र बघून हसशील. म्हणशील, घरात जो तो मोबाईलवर आन् हा बन्सी कागद खरडत बसलाय. पण फोनवर तू उत्तर द्यायला धडपडतोस, जीभ वळत न्हाई, मग चिडून फोन भाभीच्या हातात देतोस. कागदाला लगेच उत्तर द्यावं लागत न्हाई. डॉक्टर म्हणाले, तुला वाचता येतंय, सावकाश का हुईना. तर वाच सावकाश. मला हितं शिरूरात काय गाडी पकडायची न्हाई.

परवा आसमीनभाभीचा फोन आला. रडत हुती. म्हणाली, पॅरालिसिसचा झटका आल्यापासून तोंडातनं शब्द न्हाई, आन् आता तोंड उघडलं तर एकच धोशा, 'वाढ, आय गं.' आमच्या घरात यांनी जेवण कवा मराठीत मागितलं न्हाई, आन् आता बायकोला आय म्हणायला लागले! तिनं ताट वाढलं, तू सरकवलंस. परत वाढलं, तू भिंतीकडं तोंड केलंस. बन्सीभाई, डोकं तर गेलं नसंल ना यांचं, असं विचारत हुती बिचारी. मी काय केलं असंल? हसलो. पोट धरून हसलो, आन् मग मलाच रडू फुटलं. अरे गड्या, तू जेवण मागत नव्हतास. तू गात हुतास!

आपली कॅसेट, रिजवान. रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबांनी दौंड सोडताना दिलेली. फाटक्या कव्हरवर गिटारवाली चार इंग्रज पोरं, बँडचं नाव अर्धं गेलेलं. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांची हाय म्हणाले हुते, आपल्याला तेवढंच कळलं. तुझ्या अब्बांच्या क्वार्टरच्या ओट्यावर तू उसनी गिटार घ्यायचास, मी लोखंडी ट्रंक बडवायचो. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं की दोघं बेंबीच्या देठापासनं, 'वाढ, आय गं!' पोरगं कामावरनं उपाशी आलंय आन् आईकडं जेवायला मागतंय, असा अर्थ आपणच लावला हुता. परवा माझ्या पोरानं, सत्यजीतनं, मोबाईलवर शोधून सांगितलं की ते इंग्रजीत 'व्हाय'ड आय गो' म्हणतंय, म्हणजे 'मी गेलोच का?' म्हणू दे. त्याच्या गळ्यातली भूक खरी हुती, एवढं आपण बरोबर ऐकलं.

सत्यजीतनं त्यांचे पुढचे अल्बम पण ऐकवले. झ्याक हायत, गुळगुळीत, मागं व्हायोलिनांचा ताफा. पण तू म्हणायचास, जीव कच्च्या वाजवण्यातच असतो, तेच खरं; पुढं त्यांना वाजवता यायला लागलं, जीव मात्र पहिल्यातच हाय. आठवतंय का, त्या गाण्यात गाणारा एक ओळ आधीच घुसतो, त्याला मधेच हसू फुटतं, ड्रमवाला गडबडतो, आन् तरी एक बी पठ्ठ्या थांबत न्हाई. चूक तशीच ठेवून दिली त्यांनी. आन् आपण शहाणे, ती चूक पण पाठ केली! गणपतीच्या कार्यक्रमात बरोबर तिथंच हसलो, तर लोकांना वाटलं, पोरं विसरली.

मी तुझ्या डॉक्टरला फोन लावला. ते म्हणाले, बोलणं अडकलं तरी कधी कधी गाणं सुटतं, आन् गाण्याच्या मागनं एखादा शब्द येतो. खात्री न्हाई म्हणाले. मला खात्री नकोच हाय. तू बोलायला शिकवणाऱ्या म्याडमकडं जायचं बंद केलंस म्हणं, कोण तरी तुझ्या बोलण्याला हसलं म्हणून. हसंनात का! मला राग आलाय तुझा, सरळ सांगतो. आता दर रविवारी एसटी धरून येणार. दार लावून घेतलंस तर बाहेर ट्रंक बडवीन आन् सगळी गल्ली गोळा करीन. मला वळखतोस तू.

आता मेन गोष्ट. फोन ठेवताना भाभी म्हणाली, यांनी उभ्या जन्मात माझं नाव घेतलं न्हाई, सदा 'सुनती क्या'. एकदा तरी घेतलं असतं, आता कुठलं ऐकायला मिळतंय. ते ऐकल्यापासनं मला अन्न गोड लागंना. फोन तिच्याच हातात असतो, म्हणून हा कागद लिहिला. तिला दाखवू नको. त्या ओळीतलं 'आय गं' काढायचं आन् तिथं 'आसमीन' घालायचं. वाढ, आसमीन. मी ट्रंकेवर वाजवून बघितलंय, चालीत बसतंय, 'मीन' तेवढं जरा ओढायचं. आधी अडखळशील, 'आय'च तोंडात येईल, हसू फुटंल. फुटू दे, पण थांबायचं न्हाई. रविवारी मी जेवायलाच येतोय. ती ताट घेऊन आली की मी ताल धरीन. पुढची ओळ तुझी.

तुझाच,
ट्रंकवाला बन्सी