दहा लक्ष एकोणचाळीसची जुळी बहीण

ता. ४ जून

प्रिय थोरलीस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

गणिताचा पेपर हातात आला. एका प्रश्नाने नापास! १०,००,०३९ ही संख्या मूळ की संयुक्त, असं विचारलं होतं. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कोणी पूर्ण भागतं का. मी मूळ लिहिलं, आणि म्हणून न्यून, असंही लिहिलं. सरांनी दोन्हीवर काट मारली. म्हणाले, तेराने भाग जातो. खोलीवर येऊन भागून पाहिलं, जात नाही. तरी पुन्हा पुन्हा भागून बघते. सर कसे चुकतील? फेरतपासणीचा अर्ज दहा तारखेपर्यंत आहे. नाही जमलं तर वर्गातली जागा गेली आणि मी घरी. आईला इतक्यात कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

ता. ७ जून

चि. धाकटीस,
दहा मिनिटांनी मोठी आहे, तेव्हा अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात शिवणयंत्रावरच वाचलं. एवढ्या मोठ्या आकड्यात न्यून काढणारी तू कोण गं? उद्या माझ्यातही काढशील! कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी तू भागाकारात चुकशील, हे मला पटत नाही. सरांना फळ्यावर करून दाखव. तोंड उघडायला काय धाड भरलीय?

आईला अक्षर येत नाही, पण तिने माझं तोंड वाचलं. म्हणाली, जागा सोडून यायचं नाही म्हणावं. अजून ती अंथरुणात मधेच झोपते, तुझी बाजू मोकळी ठेवून.

माया गृहीत धर.
थोरली

ता. १२ जून

प्रिय थोरलीस,
सा. न. वि. वि. हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

जिंकलो गं! अर्ज मुदतीत दिला, तर सरांनी वर्गासमोर खडूच हातात दिला. पहिलाच आकडा तिरका पडला. तेराने भागत गेले, शेवटी एक उरला. सरांनी स्वतः भागलं, त्यांनाही एकच उरला. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाने जात नसेल कशावरून? हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मी आधीच भागून ठेवलं होतं. हजारापलीकडचा कुणी भागत असता, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडलाच असता. सर हसले, काट खोडली, वर्गाने बाकं बडवली. जागा पक्की!

न्यून म्हणजे दोष नव्हे, बाई. संख्येला भागणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सगळ्यांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरली की ती न्यून. जास्त भरली की विपुल. मूळ संख्येला भागणारा लहान असा फक्त एक, म्हणून ती न्यूनच. आणि माझ्या आकड्याला जुळी बहीण आहे: १०,००,०३७. तीही मूळ, तीही न्यून, आणि आधी आलेली. म्हणजे तूच.

दोघींच्या मधोमध १०,००,०३८. सरांच्या तेराचा भाग तिला जातो. तिचा अर्धा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळूनच ती पुरी भरते, बाकीचे वर उरतात. ती विपुल.

आईला म्हणावं, माझी बाजू आता मोकळी ठेवू नकोस. ऐसपैस झोप.

कळावे, आणि असाच जीव लावत राहा.
तुझी
१०,००,०३९