हेतू की चूक

ग्रॉसनाऊ, ता. ७ मार्च १९११

प्रिय लोथारदादास,
सप्रेम नमस्कार वि. वि. इकडे सारं क्षेम आहे असं लिहिता येत नाही. घडलं ते असं:

१. शनिवारी डचेसच्या वाढदिवसाची मेजवानी होती. पपांनी रिवाजाप्रमाणे हातातला दंड तीनदा जमिनीवर आपटला आणि आत येणाऱ्यांचं नाव पुकारलं.
२. पुकारलं ते ड्यूकच्या पहिल्या पत्नीचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दारात दुसऱ्या, आताच्या डचेस, उभ्या होत्या.
३. कुणीतरी खोकलं. पपांनी तेच नाव आणखी मोठ्याने पुकारलं.
४. रविवारी ड्यूकने विचारलं, चूक की हेतू. पपा म्हणाले, हेतू.
५. सोमवारी त्यांच्या कमरेची सोन्याची किल्ली परत घेतली. किल्ली गेली म्हणजे शिष्टाचारप्रमुखाचं पद गेलं.

याहून जास्त लिहायची मला मोकळीक नाही. रुग्णालयातून मी रजा काढली आहे. क्ष-किरणांचं यंत्र दुसरी मुलगी सांभाळते आहे. तू येऊन जावंस. माया असू दे.

तुझी,
इर्मगार्ड

बुखारेस्ट, ता. १२ मार्च १९११

चि. इर्मगार्डला अनेक आशीर्वाद.
हे पत्र की यंत्रदुरुस्तीचा अहवाल, बाई? बातमी तुझ्याआधीच आमच्या वकिलातीत पोचली होती. काल जेवताना ऑस्ट्रियाच्या चिटणीसाने मला मोठ्या आदराने विचारलं, की तुमच्याकडे मेलेल्यांना पंगतीला बोलावतात, तेव्हा बसवतात कुणाच्या शेजारी? सगळे हसले. मीही हसलो. आमचा धंदाच तो.

राजदूताचा राग त्याच्या खोलीबाहेर दिसता कामा नये, हे मला पपांनीच शिकवलं. राजदूत म्हणून लिस्बन, बेलग्रेड, रोम, सगळीकडे ज्यांचा एक नमस्कारही चुकीच्या क्रमाने झाला नाही, त्यांना उतारवयात एका तरुण बाईवरचा राग आवरू नये? आणि वर हेतू म्हणून सांगावं?

एक बरं झालं. कोर्डुलाचे वडील बिथरले नाहीत. म्हणाले, म्हातारा उर्मट असेल, पण कणा आहे. आमचं लग्न ठरल्याप्रमाणे मे महिन्यात होईल. पपांनी मात्र लग्नाला येऊ नये. मीही तिकडे येत नाही. तसं त्यांना सांग. तू जेवत जा, आणि भावावर रुसू नकोस.

तुझा,
लोथार

ग्रॉसनाऊ, ता. १६ मार्च १९११

प्रिय लोथारदादास,
स. न. वि. वि. तुझा निरोप मी पपांना दिलेला नाही. तुला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं. ते आज मोडते.

हेतू नव्हता. शनिवारी मी त्यांच्या दरबारी कोटाची बटणं लावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, आई गाडीत बसली का. आई गेली त्याला किती वर्षं झाली! हिवाळ्यापासून हे असं चाललं आहे. क्ष-किरणांत यातलं काही दिसत नाही, पण अशी माणसं मी रुग्णालयात पाहिली आहेत. डॉक्टर वेंडलांट यांनी रविवारी सकाळीच ओळखलं. आजाराचा दाखला देतो म्हणाले. ड्यूक माफ करतील, पद मानाने सुटेल.

त्या सकाळी पपा पूर्ण भानावर होते. त्यांनी नको म्हटलं. कोर्डुलाच्या घरचे हुंड्याआधी रक्ताची चौकशी करतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, उर्मटपणा माझ्या एकट्याचा राहतो, आजार मुलांच्या वाट्याला जातो. मग हसून म्हणाले, जन्मभर दरबारासाठी खोटं बोललो, आता एकदा घरासाठी.

तू लिहितोस की लग्न कायम आहे. म्हणजे त्यांचं काम झालं.

पण आता त्यांना हे आठवत नाही. रोज सकाळी कमरेला हात लावतात आणि किल्ली विचारतात. ती का गेली ते मी सांगते. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. मग खुर्चीत बसून मला विचारतात, की त्या बिचाऱ्या बाईशी मी असा का वागलो? तिने माझं काय वाईट केलं होतं? मी कारण सांगितलं, तर त्यांना ते पटत नाही. म्हणतात, तू माझी बाजू घेतेस.

डॉक्टर दाखला द्यायला अजून तयार आहेत. तो दिला, तर पपांवरचा ठपका जाईल, पण कोर्डुलाच्या घरी कळेलच. थोरला मुलगा म्हणून तुझी संमती लागेल. नाही म्हणालास तरी मी दोष देणार नाही. पपांना माझ्याकडे घेऊन जाईन. मात्र त्यांनी ते का केलं, याच्या दोन ओळी त्यांना तुझ्या हाताने लिही. माझं त्यांना पटत नाही.

लोभ आहे तसा राहू दे. दाखला द्यायचा की नाही, याचं उत्तर शुक्रवार, २४ मार्चपर्यंत पाठव.

तुझी,
इर्मगार्ड