वरटोल्याचा तलावही तितकाच खराब असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
तलाव व नदीकाठ पुनरुज्जीवन रोजगार योजना,
चुलबंद खोरे विभाग, साकोली, जि. भंडारा

अर्जदार : कु. टीना कृष्णराव समरीत, एम.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), रा. वरटोला, पो. सानगडी

विषय : वरटोला तलावाची फेरपाहणी करून टोल्यातील बायांना तलावाचे काम व अर्जदारास तलाव समन्वयक हे पद मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाचा गतवर्षीचा शेरा – ‘तलाव सुस्थितीत. काम आवश्यक नाही.’

महोदय,

१. आधी मोजणी. मागील वर्षी दिवाळीनंतर अर्जदाराने वरटोल्याच्या तलावाच्या काठाने मीटर-मीटरच्या बांबूच्या चाळीस चौकटी टाकून पाहिल्या. एकतीस चौकटींत बेशरम होती, म्हणजे कापली तरी पुन्हा फुटणारी, पाणी अडवून बसणारी झुडपे. कमळ दोन चौकटींत. शिंगाडा एका चौकटीत. देवधान, ज्याच्या आडोशाने पाणकोंबड्या घरटी करतात आणि मासे अंडी घालतात, एकाही चौकटीत नव्हते. त्याच आठवड्यात, त्याच चौकटींनी, शेजारच्या वस्तीच्या, म्हणजे खालटोल्याच्या, तलावात बेशरम तीस चौकटींत आढळली. म्हणजे आमचा तलाव एका चौकटीने अधिक खराब होता. ही बाब आपल्या अहवालात कुठेही आलेली नाही.

२. ती का आली नाही, हे सांगणे भाग आहे. साहेब येणार असे कळताच टोल्याने तलाव आवरायला घेतला. शेजारच्या कुंताबाई म्हणाल्या, “साहेब लोक येऊन राहिले, अन् घाटावर ही घाण? काय म्हनतीन?” बायांनी घाटाजवळची बेशरम विळ्यांनी कापून काढली, घाट सारवला, त्यावर रांगोळी घातली. रांगोळीतले कमळ अर्जदाराची आई ललिताबाई हिने काढले. साहेबांना घाणच पाहायची आहे, कापू नका, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. त्यावर कुंताबाईंचे उत्तर असे : “वा बाई! पोरीले पाहाले पाहुने येतीन, तवा तिच्या तोंडाले काय काजळी फासून बसवाची?” पथकाने घाटावर चहा घेतला, रांगोळीचा फोटो काढला आणि वरील शेरा लिहिला. खालटोल्यात त्या दिवशी सगळे धान चुरायला, म्हणजे मळणीला, गेले होते. तलाव झाडायला कोणी घरीच नव्हते. पथकातील एका साहेबांची चप्पल तिथल्या बेशरमीत अडकली आणि खालटोल्याची निवड झाली.

३. खालटोल्यातील बायांना गावातच काम मिळाले. तलाव समन्वयक हे पद कु. खुशबू योगेंद्र गहाणे हिला मिळाले. ती अर्जदाराची वर्गमैत्रीण असून स्वभावाने चांगली आहे. तिच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. फक्त एवढेच निदर्शनास आणायचे आहे की तिचा विषय रसायनशास्त्र होता आणि अकरावीत लव्हाळा व गवत यांतला फरक तिने अर्जदाराच्या वहीत पाहून लिहिला होता. शिवाय योजनेतर्फे तिला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळाले आहेत. अर्जदार तीन वर्षांपासून अनवाणी चिखलात उतरत आहे.

४. खालटोल्यात माणसे कमी पडल्याने आमच्याकडील चार बायांना तिथे घेतले. त्यांत कुंताबाई आहेत आणि अर्जदाराची आईही आहे. आई आता घरात ‘खुशबू मॅडम’ असा उल्लेख करते. एकदा जेवताना ती म्हणाली, “खुशबू मॅडमनं सांगतलं, बेशरम कापाची नाई, मुळासकट उपटाची. मंग नाई फुटत.” हेच वाक्य अर्जदार घरात किती वेळा बोलली आहे याची नोंद नाही, ही अर्जदाराची चूक. तसे आईला म्हटले असता ती म्हणाली, “सांगत होतीस ना वं. पन तुया सांगन्याले हजेरी कुठं लागत होती?” याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडे आहे.

५. आणखी एक गंभीर बाब. आमच्या तलावावर गेल्या वर्षी सात जांभळ्या पाणकोंबड्या होत्या. यंदा पाच आहेत, आणि खालटोल्यात दोन नव्या दिसू लागल्या आहेत. त्या आमच्याच, असे शास्त्रीयदृष्ट्या ठाम सांगता येत नाही. परंतु त्यांतली एक डाव्या पायाने लंगडते, आणि आमच्यातलीही एक डाव्यानेच लंगडत असे. खालटोल्याच्या यशात या दोन धरू नयेत. धरायच्याच असल्यास ‘मूळ रहिवास वरटोला’ अशी नोंद व्हावी.

६. फेरपाहणी तातडीची आहे, त्याची कारणे दोन. पहिले, धान चुरून झाले की टोल्यातील उरलेल्या अठरा बायांना मिरची तोडायला परमुलखात नेणारी गाडी येते. यंदाही ती पुढच्या महिन्यात येईल. त्यांपैकी निर्मलाबाईंनी लेकराची शाळा सोडवून त्याला सोबत नेण्याचे ठरवले आहे. दुसरे कारण सांगताना संकोच होतो. आई, कुंताबाई आणि उरलेल्या दोघीजणी खालटोल्याचे काम आटोपून परत येताना वरटोल्याच्या घाटावरची बेशरम मुळासकट उपटू लागल्या आहेत. सानगडीच्या मोठ्या तलावातून खालटोल्यासाठी देवधानाची रोपे आणली, त्यांतली उरलेली आईने पदरात बांधून आणली आणि आमच्याकडे खोचली. फेरपाहणी होईपर्यंत थांबा, नाहीतर पुन्हा ‘सुस्थितीत’ लिहून जातील, अशी अर्जदाराने हात जोडून विनंती केली. आई म्हणाली, “तुया चौकटी तू मोज. मी माही बेशरम उपटतो.”

७. तरी आमचा तलाव आणखी सुधारण्यापूर्वी आपले पथक पाठवावे. या वेळी कोणीही घाट झाडणार नाही, सारवणार नाही. कुंताबाईंचा रांगोळीचा डबा अर्जदाराने आपल्या ताब्यात घेतला आहे. चहा मात्र त्या करतीलच. त्यावरून तलावाबद्दल मत बनवू नये.

आपल्या पथकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

टीना कृष्णराव समरीत
वरटोला, दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत :
(अ) घाट सारवण्यापूर्वीचे छायाचित्र.
(आ) मिरचीच्या गाडीने जाणाऱ्या अठरा बायांची नावे.
(इ) वरटोला तलाव, आज सकाळची मोजणी. त्याच जागा, त्याच चाळीस चौकटी. बेशरम : बावीस. कमळ : चार. शिंगाडा : एक. देवधान : तीन. जांभळ्या पाणकोंबड्या : सहा, पैकी लंगडणारी एक.