लाल गिटारीची मान

नाशिक रोड,
८ ऑगस्ट १९८३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी तिने मध्येच थांबवून "जेवणाचं काय लिहिलंय?" असं विचारलं. तू काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणून मी मनानेच "डाळ-भात चांगला मिळतो" असं वाचलं. पुढच्या पत्रात जेवणाचं लिहीत जा, मला खोटं वाचायला लावू नकोस.

इकडे सगळं ठीक. माझं सातपूरचं काम चालू आहे. दिवसभर विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायची. सुपरवायझर म्हणतो, बायकांची बोटं नाजूक, म्हणून हे काम बायकांना. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र त्याला आमची बोटं दिसत नाहीत.

गिटारींचं विचारलंस. चारही सुखरूप आहेत. देवळाली कॅम्पातल्या लष्करी साहेबांच्या बदल्या झाल्या की तू एकेक मोडकी गिटार बसमधून घेऊन यायचास आणि आप्पा म्हणायचे, "ह्या पोराने घराचा दवाखाना केला." आप्पा गेले, तू मस्कतला गेलास, आणि दवाखाना माझ्याकडे आला. भिंतीला ओल येते म्हणून मी सगळ्या गिटारी खिळ्यांवरून काढून पत्र्याच्या पेटीवर फळी टाकून ठेवल्या आहेत.

लाल गिटारीला कुणी हात लावायचा नाही, हे तू प्रत्येक पत्रात लिहितोस. तरी एक सांगायला हवं. ती मुकी झाली होती. पुसताना स्पीकरला लावून बघितली तर नुसता घूं आवाज. उघडली, तर तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पिकअपमधली बारीक तार हिरवी पडून तुटलेली. आता गुंडाळी भरणं हे तर माझं रोजचं काम. कारखान्यात उरलेली केसासारखी तार मागून आणली, आईच्या शिलाई मशीनवर जिथे बॉबिन भरतात तिथे पिकअप बसवला आणि हळूहळू पाय मारत नवी गुंडाळी भरली. तूच सांगायचास ना, की गुंडाळी मेणात बुडवली नाही तर आवाज वाढवल्यावर किंचाळते? विहारात वंदना झाल्यावर मेणबत्त्यांचे तुकडे उरतात, ते अक्काबाईंकडून मागून आणले. आई म्हणाली, "बुद्धापुढची मेणबत्ती, अन् तू गिटारात ओतती का गं?" मी म्हटलं, वितळायची ती तिथेही वितळलीच होती.

आता ती बोलते. आवाज पूर्वीपेक्षा भरीव झालाय. एवढंच केलं. बाकी तिला हात लावला नाही.

आईचा आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

तुझी बहीण,
चांगुणा


नाशिक रोड,
२० नोव्हेंबर १९८३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

जेवणाचं सविस्तर लिहिलंस, आईचा जीव भांड्यात पडला. केरळच्या लोकांबरोबर मासे खातोस हे मात्र तिला अजून पटलेलं नाही.

तू एप्रिलमध्ये कायमचा परत येतोस हे वाचून ती दोन दिवस शेजारणींना सांगत फिरत होती. मलाही आनंद झाला, दादा. खरंच झाला. तू लिहिलंस की "चार वर्षं मी एकाच संध्याकाळकडे बघत विजेच्या वायरी ओढल्या. चौदा एप्रिलला आपल्या मैदानात, गोटीराम काकांच्या गायन पार्टीबरोबर, लाल गिटार घेऊन उभा राहणार. काकांना माझी जागा ठेवायला सांग." हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं, मग परत उघडलं.

निरोप काकांना सांगितला. काका म्हणाले, "मल्हारी येतोय? लय भारी." मग माझ्याकडे बघितलं आणि पेटीचा भाता उगाच दाबत बसले.

तुला कळवायचं राहिलं, तुझ्या जागी वाजवणाऱ्या नाथाला पुण्यात नोकरी लागली. सप्टेंबरातच गेला. म्हणजे पार्टीला गिटारवाला उरला नव्हता. पण काम अडलं नाही, धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम व्यवस्थित झाला, लोकांनी दोन गाणी पुन्हा म्हणायला लावली.

तुझा नाद मलाही लागलाय, असं दिसतं. गेल्या महिन्यात कॅम्पात भंगारवाल्याकडे एक गिटार पडलेली दिसली. धड शाबूत, मान मोडलेली. भंगारवाला म्हणाला, "ताई, ह्याचं करणार काय?" मला तरी कुठे ठाऊक होतं, पण घेऊन आले. घरात आता माणसं दोन आणि गिटारी पाच.

एक विचारायचं होतं. लाल गिटारीची मान फार जाड आहे असं तुला कधी वाटलं का? तुझा पंजा मोठा, तुला जाणवलं नसेल. सहज विचारते आहे. कोंडाजी मिस्त्री आपल्या दाराची चौकट बघायला आले होते, त्यांच्याशी बोलता बोलता विषय निघाला.

आई म्हणते, पत्रात सगळं लिही. लिहिते आहेच.

तुझी,
चांगुणा


नाशिक रोड,
१८ मार्च १९८४

दादा,
जय भीम.

तुझी तारीख कळली. अकरा एप्रिलला मुंबईत उतरणार आणि संध्याकाळपर्यंत घरी. आईने आत्तापासून पापड लाटायला घेतलेत. हे पत्र तू निघण्याआधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून आज बाकी सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. दारात पाऊल ठेवल्यावर तुला कळावं असं मला नको आहे.

नाथा गेल्यापासून पार्टीत गिटार मी वाजवते. लाल गिटार.

आता मागचंही सांगते. तू गेलास त्याच महिन्यात मी ती खिळ्यावरून खाली काढली होती. तू मला शिकवलं नाहीस, पण तू रियाज करायचास तेव्हा मी आत भाकरी थापत असायचे आणि तू कुठे चुकतोस ते मला कळायचं. आधी नुसते सूर शोधले, मग गाणी बसली. आईला माहीत होतं. तिने तुला सांगितलं नाही, कारण मी शपथ घातली होती. तिच्यावर रागावू नकोस.

नाथा गेला तेव्हा मी काकांकडे गेले. काका म्हणाले, "पोरी, तू कोरसात उभी राहा. गिटार म्हंजी पोरांचं काम."

मी म्हटलं, "पोरं पुण्याला जातात, काका."

"अन् ऐन गाण्यात तार तुटली मंग?"

"मीच बांधीन. तुमच्या पार्टीच्या सगळ्या वायरी कोण जोडतं?"

काकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "वाजव बरं." मी वाजवलं. ढोलकीवाला थांबायचं विसरला. काका म्हणाले, "आता काय बोलावं? शनवारी ये."

पण माझी बोटं जाड तारेपर्यंत पोचत नव्हती. ती मान मोठ्या पंजाच्या माणसासाठी केलेली. धम्मचक्र दिनाला मी अर्ध्या जागा सोडून दिल्या, लोकांना कळलं नाही, मला कळलं. मनगट आठवडाभर ठणकत होतं. मग मी गिटार कोंडाजी मिस्त्रींकडे नेली आणि म्हटलं, मागून रंधा मारा, माझ्या मुठीत बसेल एवढी बारीक करा.

मिस्त्रींनी आयुष्यभर खाटा आणि चौकटी केल्या, मी मोटारींच्या गुंडाळ्या. मानेच्या पोटात काय असतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रंधा खर्रकन अडकला. मिस्त्री चष्मा वर करून बघतात तर आत लोखंडी सळई. मला म्हणाले, "पोरी, ह्यात लोखंड हाय. लाकडात लोखंड घालायची काय गरज पडली ह्यांना?" गरज काय होती ते तारा चढवल्यावर कळलं. दोन दिवसांत मान धनुष्यासारखी वाकली आणि सळईजवळ चिरली.

मी रडले. तुझ्यासाठी रडले की गिटारीसाठी, ठाऊक नाही. मिस्त्री बिचारे तीन दिवस आमच्या गल्लीने गेले नाहीत.

मग मीच त्यांच्याकडे गेले. पंचवटीत एक जुनं घर पाडलं होतं, त्याच्या चौकटीचा साग त्यांच्याकडे पडून होता. म्हणाले, "जुना साग हाय, जेवढा वाकायचा तेवढा वाकून झालाय." जुनी मान त्यावर ठेवून खुणा केल्या. सळई काढून नव्या लाकडात खोबण करून बसवली. सुरांच्या पितळी पट्ट्या एकेक करून उपटून नव्या मानेवर ठोकल्या. तीन पुन्हा काढाव्या लागल्या, कारण सूर चढा लागत होता. खुंट्या कॅम्पातल्या त्या भंगारच्या गिटारीच्या लावल्या, त्या जास्त घट्ट आहेत. मग रोज कारखान्यातून आले की मान मुठीत धरायची आणि जिथे टोचेल तिथे काचेच्या तुकड्याने खरवडायचं. आई म्हणायची, एवढं लक्ष भाकरीकडे दिलं असतंस तर एकही करपली नसती.

आता ती माझ्या हाताची झाली आहे. तुझ्या पंजात ती केरसुणीच्या मुठीसारखी लागेल, तुला त्यावर सूर धरता येणार नाही. जुनी मान फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, पण ती जोडता येणार नाही. तुला खोटी आशा दाखवत नाही.

तू म्हणशील, आधी विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. म्हणून विचारलं नाही.

तू वायरी ओढल्यास म्हणून आपली चूल पेटली, हे मी विसरलेली नाही. विसरले तर आई विसरू देणार नाही. आप्पा गेल्यावर तू गिटार खिळ्याला टांगून विमानात बसलास तेव्हा तुझ्या जिवाचं काय झालं असेल, ते मला आता कळतं. वाजवायला लागल्यापासून जास्त कळतं. पण दादा, ही चार वर्षं माझीही गेली. तू परत येऊन जगणार होतास, मी इथे रोज जगत होते.

जानेवारीत येवल्याचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलाच्या मावशीने माझा हात हातात घेतला, बोटांच्या टोकांचे घट्टे चाचपले आणि म्हणाली, "लय काम करती वाटतं पोरगी." आई लगेच, "हो ना, लय कामसू हाय." मी म्हटलं, "घट्टे गिटारीचे आहेत." त्यांचा निरोप अजून आलेला नाही. आईने दोन दिवस अबोला धरला. तुझ्या कानावर ही तक्रार येणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता तुझ्यासाठी काय केलं ते ऐक. तुझी काळी गिटार आठवते? जिचा आवाज पातळ म्हणून तू बाजूला ठेवली होतीस? तिचे दोन्ही पिकअप मी नव्याने भरले, दुसरा उलट्या दिशेने, आणि दोन्ही जोडले की घूं बंद होतो. हे मला कुणी शिकवलं नाही, कारखान्यात चुकून उलटी भरलेली गुंडाळी बघून सुचलं. तिच्या मानेला मी काच लावलेली नाही. ती तुझ्या पंजाएवढी आहे तशीच आहे. तारा मुंबईहून मागवल्यात. तू आलास की बस आणि रियाज कर. तुझी बोटं कडक झाली असतील, सुरुवातीला चिडशील. मी आत भाकरी थापत असेन आणि काही बोलणार नाही.

काकांशी बोलून ठेवलंय. म्हणाले, "दोन गिटारी? चालतील की. पण मधी कोण उभं राहणार?"

मी म्हटलं, मी.

पहिलं गाणं नुसत्या गिटारीने सुरू होतं, ते मी सुरू करणार. दुसऱ्या कडव्याला तू ये. एवढी जागा मी तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे आणि तिथे दुसरं कुणी वाजवणार नाही. ते नको असेल तर समोर सतरंजीवर आईजवळ बस. रागावलास तर राग. चार दिवस बोलला नाहीस तरी मी तुला गरम वाढीन.

फक्त एक कर. लाल गिटार माझ्याकडे मागू नकोस. काका म्हणाले असते, पंच म्हणाले असते, तर मी दिली नसती. पण तू दारात उभा राहून "चांगुणे, आण बरं इकडे" म्हणालास, तर माझा हात पुढे होईल. लहानपणापासूनची सवय आहे. मग ती तुझ्या हातात बसणार नाही आणि माझ्या हातात राहणार नाही. म्हणून आत्ता, तू लांब आहेस तोवर, लिहून सांगते. मागू नकोस.

अकराला स्टेशनवर मी येईन.

तुझीच बहीण, आणि गोटीराम काकांच्या पार्टीतली गिटारवाली,
चांगुणा